मनिषा घरतने न वाचलेलं पान

मनिषा घरत आणि मी पनवेलच्या एका डिप्लोमा कॉलेजात सोळा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. ती कॉम्प्युटर शिकवायची, मी गणित. कोन गावातून शिकून प्राध्यापक झालेली ती पहिलीच मुलगी. लग्नानंतर पनवेलच्या लाइन आळीत राहायला आली तरी गावाकडे जाणं-येणं होतं. पण गावचं पोर वर्गात आलं की ती जास्तच कडक व्हायची. आपला म्हणून सांभाळून घेतला, असं कोणी म्हणू नये याची तिला सतत धास्ती असायची.

हृतिक मढवी कोनचाच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तो विषय घेऊन स्टाफरूममध्ये आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डवर लिनक्स ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची म्हणाला.

"हे होत नसतं," मनिषा म्हणाली. "ते कार्ड हजारो गणितं एकदम करतं, पण सगळी एकाच साच्यातली. ऑपरेटिंग सिस्टिमला क्षणाक्षणाला वेगळा निर्णय घ्यावा लागतो. कोणी कीबोर्डवरची कळ दाबली तर हातातलं काम सोडून तिकडे बघावं लागतं. कार्ड त्यासाठी केलेलंच नाही."

"सरळ नाय जमत, मॅडम. पण मी कार्डाच्या आत साध्या प्रोसेसरची नक्कल लिवतोय. लिनक्सला वाटंल, आपण खऱ्या प्रोसेसरवरच चाललोय."

तिने विषय बदलायला सांगितलं. त्याने बदलला नाही. दोघंही हट्टी.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला एकेकाला वीस मिनिटं मिळायची. मी काहीतरी कागद घेऊन लॅबच्या दारात उभी होते, म्हणून पुढचं सगळं पाहिलं. हृतिकच्या स्क्रीनवर चार ओळी आल्या आणि थांबल्या. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघायला लागले.

"अजून येतील, सर. वेळ लागतो."

"येणार नाहीत," मनिषा सगळ्यांसमोर म्हणाली. "या चार ओळी तू आधीच लिहून ठेवल्यास. हृतिक, ही फसवणूक आहे."

त्याचं तोंड उतरलं. "रिपोर्टमदी लिवलंय, मॅडम," एवढंच तो म्हणाला. रिपोर्ट टेबलावरच होता. कोणी उघडला नाही. परीक्षक चहाला गेले आणि हृतिक नापास झाला. सहा महिन्यांनी पुन्हा बसता आलं असतं, पण त्याने फॉर्मच भरला नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तो क्रेन चालवायला लागला, असं पुढे कानावर आलं. मी मनिषाजवळ विषय काढला नाही, आणि दारात उभं राहून गप्प बसलेलं मला आजही टोचतं.

चार वर्षं गेली. एके दिवशी वर्गात पूर्वी नावाच्या मुलीने मनिषाला ग्राफिक्स कार्डवर ऑपरेटिंग सिस्टिम चालते का, असं विचारलं आणि मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी परदेशी माणसाने ग्राफिक्स कार्डवर लिनक्स चालवलं होतं, तेही आत नकली प्रोसेसर लिहूनच. मनिषा तास अर्धवट सोडून स्टाफरूममध्ये आली आणि जुन्या रिपोर्टांचं कपाट उपसायला लागली. हृतिकचा रिपोर्ट खालच्या खणात सापडला, त्याच्या प्रोग्रॅमची सीडी मागच्या पाकिटात तशीच होती.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला तिने ती लॅबच्या मशीनवर चालू केली. चार ओळी आल्या. अर्ध्या तासाने पाचवी आली. ती खुर्चीवरून उठली नाही, डबाही उघडला नाही. दुपारी सव्वादोनला स्क्रीनवर लॉगिन आलं. तिने नाव टाइप केलं. एकेक अक्षर उमटायला मिनिट-मिनिट लागत होतं, पण उमटत होतं.

मग तिने रिपोर्ट वाचला. पान एकतीसवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने लिहिलं होतं: पूर्ण चालू व्हायला पाच तास लागतात. कार्ड स्वतःहून सुरू होत नाही, सुरुवातीला मूळ प्रोसेसरने त्याला काम द्यावंच लागतं. त्यामुळे प्रोसेसरची गरज संपली, असा माझा दावा नाही.

"काहीच लपवलं नव्हतं गं त्याने," ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कळंबोलीला गेलो. हृतिक क्रेनवरून उतरला आणि हात पुसत उभा राहिला. मनिषाने सगळं सांगितलं. चूक माझी होती, असं दोनदा म्हणाली.

"किती वेळ लागला?" त्याने विचारलं.

"पाच तास. कार्ड मात्र नवीन होतं, तरी तेवढेच."

"तेवढेच लागणार. नव्या कार्डात गणितं करणारे कामकरी वाढलेत, पण आपलं काम त्यातला एकटाच करतो. त्या एकट्याचा वेग नाय वाढला." क्षणभर त्याचा चेहरा उजळला. मग म्हणाला, "घरी मला लबाड समजतात, मॅडम. बाबा गेले तेबी तसंच समजून गेले."

निकाल बदलून मागते, असं मनिषा म्हणाली.

तिने निकाल बदलण्यासाठी परीक्षा मंडळाकडे अर्ज केला आणि त्यात स्वतःची चूक स्पष्ट लिहिली. कॉलेजची बदनामी होते, अर्ज मागे घ्या, असं वरून सांगण्यात आलं. तिने घेतला नाही. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: मुदत संपली आहे, विचार करता येणार नाही.

ते सांगायला ती एकटीच गेली. हृतिकने फक्त रिपोर्ट परत मिळेल का, असं विचारलं. कॉलेजचा कागद बाहेर काढायची परवानगी नव्हती. तरी तिने तो पिशवीत घालून कोनला त्याच्या घरी नेला आणि त्याच्या आईच्या, भामाबाईंच्या, हातात दिला. तुमच्या मुलाने कोणाला फसवलं नव्हतं, असं सांगितलं. भामाबाईंनी ऐकून घेतलं. "हे चार वर्सांपूर्वी सांगायला पायजे व्हतंस, बाय," म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

पुढच्या वर्षी मनिषाने नोकरी सोडली. कारण विचारणाऱ्यांना ती पाठदुखी सांगते.