कवडशातला डाग

भिंगारच्या साळी आळीत बाईनं मागावर बसायचं नसतं. तिनं कांड्यांवर सूत भरावं, ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावावी. छबूबाई बसली. नवरा गोरक्ष बेचाळीस साली लढाईवर ब्रह्मदेशात गेला तो गेलाच. लढाई संपली, बाकीचे परतले, याच्या नावानं 'बेपत्ता' एवढा एक शब्द आला. माणूस न्यायला सरकारला वेळ लागला नव्हता, शोधायला मात्र सवड नव्हती. आळी नावं ठेवू लागली, तेव्हा छबूबाई म्हणाली, नावं ठेवणारांनी येऊन माझी चूल पेटवावी. कोणी आलं नाही.

जाण्याआधी गोरक्षनं छपराच्या पत्र्यात एक खिळा चुकीच्या जागी ठोकला होता. उपटला तर भोक राहिलं. "आल्यावर बुजवतो," म्हणाला. पावसाळ्यात छबूबाई त्याखाली गाडगं ठेवायची. एरवी दुपारी त्यातून रुपयाएवढा कवडसा मागावर पडायचा.

सत्तेचाळीसच्या होळीच्या सुमाराला त्या कवडशात डाग दिसला. तिला वाटलं, खळ सांडली. आता व्यापारी धोतर तोंडावर फेकणार. नखानं खरवडलं, ओल्या फडक्यानं पुसलं. मग हात आडवा धरला, तर डाग हातावर.

तिनं शाळेतल्या सुमंत मास्तरांना बोलावून आणलं. ते कवडशापुढं उकिडवे बसले ते उठेचनात. डाग सूर्यावरचा आहे म्हणाले, आणि एकटा नाही, डागांचा कळप आहे. सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसा हा तेरा-चौदा दिवसांत या कडेवरून त्या कडेला जाईल, तितकेच दिवस पाठीमागं दडेल, आणि जगला तर पुन्हा दिसेल.

गेला. छबूबाई दिवस मोजत राहिली. पाडवा होऊन आठवडा झाला आणि तो कडेवर उगवला, पहिल्याहून थोराड, मागं चिल्लीपिल्ली घेऊन. त्या दिवशी मागावर तिचा धोटा सुतांतून असा पळाला की शेजारच्या साळूबाईनं विचारलं, "का गं, पत्र आलं का?"

राहुरीचा भाऊ सहादेव तिचा पाट लावायचा म्हणून एक बिजवर बघून बसला होता. माणूस वाईट नव्हता. पाच वर्षं बहिणीचं सुकणं त्याला बघवत नव्हतं. छबूबाईनं त्याला कवडसा दाखवला आणि शब्द दिला: ह्यो येतोय तोवर मी हलायची नाही. न्हाई आला, तर तू म्हणशील तिथं.

वैशाखात डाग आला, पण विरलेला, फुटून तुकडे झालेला. तिनं मास्तरांना गाठलं.

"पुन्यांदा येईल का ह्यो?"

मास्तर खोटं बोलणारे नव्हते. "बहुतेक कळप चार-आठ दिवसांतच मिटतात, छबूबाई. हा फार जगला."

"पर पल्याड गेल्यावर मिटला, का नुसता दडलाय, हे हितनं कसं कळायचं?"

"इथून नाही कळत," मास्तर म्हणाले.

ज्येष्ठात ठरल्या दिवशी कवडसा पडला, कोऱ्या रुपयासारखा स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही तसाच. पाच दिवस ती त्याच्यापुढं बसून राहिली. सहाव्या दिवशी सहादेव बैलगाडी घेऊन आला. तिचं तोंड बघून त्यानं तिचं बोचकं उचलून गाडीत ठेवलं.

शब्द दिलेला होता. अर्धं विणलेलं धोतर तिनं मागावरच ठेवलं, ताणा तोडला नाही. साळूबाई म्हणाली, पाऊस तोंडावर आलाय, माग कुजंल, त्या भोकात मेण घालते.

"माग झाक," गाडीत बसता बसता छबूबाई म्हणाली. "भोकाला हात लावू नको. ते बुजवायचं काम त्यांचं हाय."