झोपवलेल्या डिस्क आणि मावशीचा संताप

माझी मावशी रागीट होती म्हणणं फारच सौम्य झालं. इस्पितळात तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणायचे, आणि तिला ते ठाऊक होतं. एक्स-रेचे सगळे फोटो ज्या कॉम्प्युटरांत साठायचे, ती खोली तिच्या ताब्यात होती. हार्ड डिस्कनी भरलेली दोन कपाटं आणि दिवसभर घरघर. एकात रोजचे फोटो, दुसऱ्यात जुने.

नवे व्यवस्थापक वीज वाचवायचं खूळ घेऊन आले. डिस्क काही मिनिटं कामाविना राहिली की तिचं फिरणं बंद, कोणी फोटो मागितला की पुन्हा सुरू, असा हुकूम निघाला.

“जुनं कपाट खुशाल झोपवा,” मावशी म्हणाली. “तिकडे क्वचितच कोणी फिरकतं. पण रोजच्या कपाटात डॉक्टरांची सारखी ये-जा. चालू-बंद करून त्या डिस्कचा जीव जाईल.”

“अहो, विश्रांती कोणाला वाईट असते?” साहेब हसले. “तुम्ही नाही झोपत?”

“झोपते, रात्री एकदा. दर पाच मिनिटांनी हलवून उठवलंत तर मीही चावेन!”

हुकूम कायम राहिला. डॉक्टरांनी फोटो मागितला की डिस्क कण्हत जागी होईपर्यंत ते ताटकळायचे, आणि बोलणी मावशीला. ती घरी येऊन भांडी आदळायची. काका पेपरात तोंड खुपसायचे.

मग एका दुपारी रोजच्या कपाटातली एक डिस्क उठलीच नाही. टकटक वाजली आणि गप्प झाली. फोटोंची दुसरी प्रत रात्री निघायची, त्यामुळे त्या सकाळचे फोटो गेले. त्यांत जिन्यावरून पडलेल्या एका आजोबांच्या मोडक्या मांडीचा फोटो होता. नव्या फोटोसाठी त्यांना पुन्हा उचलून एक्स-रेच्या टेबलावर घ्यावं लागलं. त्यांची किंकाळी मावशीने भिंतीपलीकडून ऐकली.

दुरुस्तीवाल्याने डिस्क तपासली. “झोपवल्यानेच गेली असं छातीठोक नाही सांगता येत. जुनीही झाली होती.”

“बघा!” साहेब म्हणाले. “उगाच माझ्यावर खापर फोडू नका.”

मावशीने टेबलावर हात आपटला. “खापर गेलं खड्ड्यात! जुनी होती म्हणूनच घसा फोडून सांगत होते ना? चला, त्या आजोबांना सांगा, तुमच्या किंकाळीच्या बदल्यात केवढी वीज वाचली ते!”

साहेब खुर्चीतून हलले नाहीत. मावशीच वॉर्डात गेली, माफी मागितली. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती तशीच खोलीत परतली आणि कोणाला न विचारता रोजच्या कपाटाची झोप कायमची बंद केली. साहेबांना कळलं, पण त्यांनी ती पुन्हा चालू करायला लावली नाही. जुनं कपाट मात्र झोपतच राहिलं. “तिथे फायदा आहे,” ती म्हणायची, “खोटं कशाला बोलू?”

तिच्या निरोप समारंभात साहेबांनी भाषण ठोकलं, “वीजबचतीच्या माझ्या योजनेला यांनी मोलाची साथ दिली.”

मावशी उठली. “साथ? मी विरोध केला होता. हुकूम मोडायला उशीर केला, एवढंच चुकलं.”

गळ्यातला हार काढून तिने खुर्चीवर ठेवला आणि ती चालू पडली. मी मागे धावलो. मी गाठेपर्यंत ती गेटाबाहेर पडली होती.