दही ओतायच्या आधी

आमच्या वरच्या मजल्यावर दमास्कसहून आलेलं एक जोडपं राहतं. परवा त्यातल्या रीमानं मला जेवायला बोलावलं. टेबलावर तळलेल्या रोटीचे तुकडे आणि त्यावर लसणीत परतलेला गरम पालक होता. दह्याचं भांडं मात्र ती हातातच धरून उभी होती. नवरा हात धूत होता, मी खिडकीशी रेंगाळत होतो.

"काका, आधी बसा ना," ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. "दही पडलं की रोटी मऊ होते."

आम्ही बसलो. तिनं दही ओतलं आणि तीही लगेच बसली. पहिला घास तिघांच्या तोंडात एकदमच कुरकुरला.

मला गंमत वाटली. हा पदार्थ करणारीलाही मागे थांबू देत नाही. आमच्या गरम पोळीचं नेमकं उलटं. ती ताटात पडायची, तर कुणीतरी तव्याशी उभं राहायलाच हवं. आमच्याकडे आई उभी असायची आणि आम्ही "अजून एक" म्हणायचो.

तव्यावरची पोळी तिच्या ताटात पडलेली मी एकदा तरी पाहिली होती का? जिना उतरून घराचं दार आलं, तरी आठवेना.