भिंतीपलीकडच्या साहेबांचे चाप

उंदीर मारण्याआधी त्याची इतक्या आस्थेनं विचारपूस करणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. आमच्या भिंतीपलीकडचे साहेब ते. गंगाखेडला माझं शेंगांचं दुकान आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच मातीची भिंत होती. भिंत सामाईक, आणि तिच्यातले उंदीरही सामाईक. जेवायला ते माझ्याकडे यायचे आणि झोपायला साहेबांकडे जायचे. मी सोनपेठकडच्या एका वाडीत शेळ्या राखत वाढलेला माणूस. पहिलं पोतं डोक्यावरून आणलं आणि पुढचं सगळं हुज्जत घालून मिळवलं. उंदीर दिसला की पायातलं काढून हाणायचा, एवढंच माझं शास्त्र. साहेबांना ते फार रानटी वाटे. "शेठ, मारायचं तर जरूर मारा, पण त्यालाही एक तहजीब असते," असं ते मला पहिल्याच महिन्यात म्हणाले, आणि तेव्हापासून आमचं जे जुंपलं ते कायमचं.

साहेबांकडे उंदीर मारायचे सात चाप होते. बाजारातला पत्र्याचा चाप ते हातातसुद्धा धरत नसत. स्वतः उभं राहून सुताराकडून बाभळीची फळी तासून घ्यायची, लोहाराकडून तारेची कमान वळवून घ्यायची, आणि दर गुरुवारी साती चापांना गोडेतेलाचं बोट लावायचं. सगळी नोकरी निजामाच्या अमलात तहसील कचेरीत झालेली, त्यामुळे प्रत्येक चापाला हुद्दा होता. चुलीपाशी गिरदावर, फडताळाखाली पेशकार, उतरंडीमागे तहसीलदार, आणि धान्याच्या कणगीजवळ, घुशीचंही कंबरडं मोडेल असा, अव्वल तालुकदार. चाप नुसताच मिटला आणि उंदीर खोबरं घेऊन निसटला, तर साहेब त्या चापाला 'मुअत्तल' करत, म्हणजे आठ दिवस कामावरून काढून कोपऱ्यात उताणा ठेवत. एका फटक्यात दोन उंदीर धरल्याबद्दल पेशकाराला मिळालेली तरक्की मी डोळ्यांनी पाहिली आहे. राज्य गेलं, हैदराबाद विलीन झालं, पुढे आम्हाला मुंबई राज्यात टाकलं, कचेरीतल्या पाट्या बदलल्या. मी म्हटलं, "साहेब, आता तरी तालुकदाराचा कलेक्टर करा की." ते बोटाचं तेल पुसत म्हणाले, "या खात्याचं विलीनीकरण अजून झालेलं नाही."

आमिषाचा त्यांचा अभ्यास तर वेगळाच. माझा शेंगदाणा त्यांनी कधी चापाला लावला नाही. "शेंगदाणा त्यांचा रोजचा आहे. रोजच्या जेवणासाठी जीव कोण धोक्यात घालील?" असा त्यांचा सवाल असे. कुठला उंदीर तुपातल्या भाकरीला भुलतो आणि कुठला भाजल्या खोबऱ्याला, हे त्यांना लेंड्यांवरून कळतं असं ते सांगत. एकदा माझी बायको भजी तळत होती. भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, कांद्याची असतील तर नको. मिरचीची असतील तर एक पाठवा." तिला वाटलं, साहेबांना तोंडाला चव नाही. तिनं ताटली भरून पाठवली. साहेबांनी एक भजं तहसीलदारासाठी ठेवून घेतलं आणि बाकीची ताटली परत पाठवली. बायकोनं तो दिवस काही चांगला जाऊ दिला नाही.

हा सगळा बंदोबस्त एका बस्त्यासाठी होता. साहेबांची अख्खी नोकरी उर्दू कागदांवर. राज्यं बदलण्याच्या धांदलीत त्यांच्या नोकरीची मूळ नोंद कुठल्याशा कचेरीत गहाळ झाली, आणि वरून हुकूम आला की अस्सल कागद आणून दाखवा, नाहीतर जुनी नोकरी धरली जाणार नाही. म्हणजे पेन्शनही नाही. ते कागद लाल फडक्यात बांधून त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवले होते. पेटीत सादळतात, म्हणून उघड्यावर. "शेठ, माझी सारी उमर त्या फडक्यात आहे," म्हणत. बोलताना हात देवळीकडे जाई.

औरंगाबादेला कागद दाखवायची तारीख आली ती नेमकी गणपती उठल्यानंतर दोनच दिवसांनी. आणि साहेबांचा रिवाज असा की चतुर्थीच्या आदल्या दिवशी साती चाप उतरवून ठेवायचे. दहा दिवस रजा. उंदरांनाही ही रजा ठाऊक असावी, कारण त्या दिवसांत ते भिंतीवरून लग्नाच्या वऱ्हाडासारखे हिंडत. मला राहवेना. मी ओट्यावर गेलो.

"साहेब, औंदा रजा नको. कागदं खातील की हो!"

"स्वार घरात बसलेला असताना त्याच्या घोड्याला दारात मारू म्हणता?"

"मग बस्ता माझ्या लोखंडी पेटीत ठिवा."

"आणि औरंगाबादेत कचेरीतल्या साहेबापुढे शेंगदाण्याचा वास सोडू?"

माझा पारा चढला. "पेन्शन बुडाली म्हंजी काय उंदरं पोसणार हायत तुमाला? लय झाली तुमची तहजीब!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. साहेब आत गेले, आणि उत्तरादाखल त्यांच्या घरातून दोन मोदक आले.

गौरी जेवायच्या दिवशी त्यांच्याकडे आरतीला गर्दी होती. मी टाळ्या वाजवत वाजवत देवळीपाशी सरकलो आणि सदऱ्याआडून आणलेला माझा पत्र्याचा चाप, शेंगदाण्यासकट, बस्त्यामागे लावला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी भिंतीपलीकडे खाडकन आवाज झाला. इतका खणखणीत, की मी हातातला तराजू खाली ठेवला.

चापात उंदीर सापडला होता, पण त्याआधीच लाल फडक्याला भोक पडलं होतं. वरच्या कागदाचा कोपरा नखाएवढा कुरतडला होता. अक्षराला धक्का नव्हता. हे मला त्यांच्या घरच्यांनी माझ्या बायकोला सांगितल्यामुळे कळलं. साहेब स्वतः आले ते माझा चाप घेऊन. धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळलेला. तो त्यांनी माझ्या गादीवर ठेवला.

"शेठ, पाहुणा होता तो."

"कागदं वाचली का न्हाई ते सांगा."

"वाचले," ते म्हणाले, आणि निघून गेले.

त्यानंतर साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेच कागद घेऊन औरंगाबादेला गेले, दाखवून आले, आणि माझ्या दुकानावरून मान खाली घालून गेले. मी आयुष्यात हजार सौदे केले, पण माल घेऊन पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक हे एकच. मी अजून म्हणतो, चूक माझी नव्हती. तेव्हा तर संतापानं मी त्या भिंतीवर मुठी आपटल्या, पोपडे पडले. पलीकडे चाप मिटल्याचे आवाज येत, पण कुणाला तरक्की मिळाली, कोण मुअत्तल झालं, ते कोणी सांगत नव्हतं. दिवाळी गेली, हुरडा गेला. बायको भजी तळी आणि थोडा वेळ भिंतीकडे बघत राही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पेन्शन मंजूर झाल्याचा हुकूम आला. त्याच संध्याकाळी साहेब दुकानाच्या पायरीवर उभे.

"शेंगा कशा दिल्या?"

मी भाव सांगितला.

"लुटता की काय?" म्हणत त्यांनी एक शेंग फोडली, तोंड वाकडं केलं. "आतून पोचट आहेत."

हा माणूस बाजारात कधी घासाघीस करत नसे. सांगितलेला भाव निमूट देणं हीच खानदानी रीत, असं मानणारा. माझ्या मालाला पोचट म्हटल्यावर मी उसळलोच होतो. पण साहेबांचं लक्ष शेंगांवर नव्हतं. फोडलेल्या शेंगेतले दाणे खाली पडल्याचंही त्यांना कळलं नव्हतं. माझा राग बसला.

"न्या हो साहेब. काय द्यायचं ते द्या."

त्यांचा चेहरा पडला. "असं करू नका शेठ. मी घरून ठरवून आलोय. भांडा."

मग आम्ही भांडलो. दिवेलागण होईपर्यंत, दोन शेर शेंगांसाठी. त्यांनी माझ्या मापाला नावं ठेवली, मी त्यांच्या दातांना. बाजारातली माणसं जमली. देवळीचा, चापाचा, पाहुण्याचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

पुढे साहेब मुलाकडे नांदेडला गेले. भिंतीपलीकडे आता भाडेकरू आहेत. भली माणसं. शेंगा न्यायला येतात, मी भाव सांगतो, तेवढे पैसे ठेवतात. मीच विचारतो, "महाग नाही ना वाटल्या?"

"नाही हो," म्हणतात, आणि पिशवी उचलून जातात.