तिकिटाच्या कागदावरचे धवले

माझा शहाणपणा सांगायला मला अजून लाज वाटते, तरी सांगते.

माझी आत्या सापगावची धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नातल्या प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवले, तिला तोंडपाठ. लिहिता-वाचता मात्र येत नाही. तिचे यजमान, आमचे मामा, शहापूर-मुरबाड एसटीवर कंडक्टर. ती गायची आणि ते तिकीट मशीनच्या उरल्यासुरल्या रोलवर बॉलपेनने उतरवून घ्यायचे. मामा गेल्यावर त्या पट्ट्यांची जुडी आत्याने तांदळाच्या कणगीत, निंबाच्या पाल्यात जपली.

राष्ट्रीय ग्रंथालयाची माणसं जुनी हस्तलिखितं स्कॅन करायला शहापुरात येणार, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुज्या मामाचा अक्षर तिथं ठेव गो. माज्यामागं कोन बघल?"

मी पडले हौशी. फाटक्या पट्ट्या अशाच कशा न्यायच्या? बाजारात लॅमिनेशनला दिल्या आणि फोनवर बोलत बाहेर उभी राहिले. आत आले तर सगळ्या पट्ट्या काळ्या ठिक्कर. हा कागद उष्णतेने काळा पडतो, हे मला तेव्हा कळलं. त्याच्यावर छपाई होते तीच मुळी उष्णतेने!

आत्याला सांगताना मला रडू फुटलं. तिने एक पट्टी उजेडात धरली, उलटसुलट पाहिली. "मला कुठं वाचाया येत व्हतं," म्हणाली, पण तिचं तोंड उतरलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. ग्रंथालयाच्या मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी आत्यालाच गायला सांगितलं आणि रेकॉर्डर लावला. आत्या दुपारभर गायली. कुठे अडली की डोळे मिटायची. "हितं ते मला परत म्हनाया लावायचे," म्हणायची आणि पुढची ओळ तिला सापडायची. एकही धवला सुटला नाही. मला इतकं हायसं वाटलं!

शेवटी फॉर्म भरताना मॅडमनी विचारलं, "लिहून कोणी ठेवले होते?"

"राहू द्या," मी म्हणाले, "लिहिलेलं कुठे काय उरलंय?"

"तू गप," आत्या म्हणाली.

आमच्याकडे तिच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात, लाजत. आत्याने मामांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्याने सांगितलं.

"लिवलास ना बाय? वाचून दाखव."

मॅडमनी वाचून दाखवलं.

"आजून एकदा," आत्या म्हणाली.