खुंटीवरचा बिल्ला

मुलीने बारावीनंतर मेडिकल इमेजिंगची पदवी घ्यायचं ठरवलं तेव्हा मी नीट हिशेब केला होता. तीन वर्षं वर्ग, एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम. एक्स-रेच्या किरणांचा हिशेब मात्र माझ्या हातातला नव्हता. तो कळावा म्हणून तिथे प्रत्येकजण छातीवर किरण मोजणारा एक बिल्ला लावतो आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो.

शेवटच्या वर्षी तिच्या बिल्ल्याचा आकडा मर्यादेबाहेर आला. चौकशी होईपर्यंत तिला एक्स-रेच्या खोलीत जायला बंदी झाली. काम थांबलं की पदवीही थांबली. पण मला पदवीचं काही वाटत नव्हतं. आकडा खरा असेल तर तेवढे किरण तिच्या अंगात गेले होते. रक्ताची तपासणी ठीक आली, तरी मला जेवण जाईना.

सुरक्षा अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"ड्यूटी के बाद बैज कहाँ रखती हो?"

"एप्रन पर ही, सर. एक्स-रे रूम में, खूँटी पर."

बिल्ले ठेवायची जागा बाहेरच्या खोलीत होती, पण हिची कामाची पाळी संपेपर्यंत त्या खोलीला कुलूप लागलेलं असे. मग घरी का नेत नाही, असं त्यांनी विचारलं. ती माझ्याकडे बघू लागली, तेव्हा मीच सांगितलं. दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरात सोवळं पाळतात, दवाखान्याची वस्तू जिन्यावरच राहते. आणि जिन्यावरून माकडांनी तिचं ओळखपत्र एकदा नेलं होतं. एप्रन शिशाचा, म्हणून बिल्लाही सुरक्षित, असं तिला वाटलं. पण तो लावलेला होता एप्रनच्या बाहेरच्या बाजूला, आणि पुढच्या पाळीचे एक्स-रे त्याच्यासमोरच निघत.

अधिकाऱ्यांनी त्याच खुंटीवर कोरा बिल्ला टांगला. तो तपासून यायला काही आठवडे गेले. आकडा जवळजवळ तितकाच आला. तिच्याबरोबर त्याच पाळीत काम करणाऱ्या मुलींचे आकडे आधीपासूनच साधारण होते.

"बाबा, किरण खुंटीला लागले, मला नाही," फोनवर ती म्हणाली. "सोमवारपासून ड्यूटी."

मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "अहो, मग त्या खुंटीची दृष्ट काढते," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून पुढची पोळी लाटायला घेतली.

त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला.