वर्षभराचं सूतक

शेखर गुरुजी अमेरिकेहून परतले तेव्हा इंदिरानगरात जो तो विचारी, "सुट्टीवर का?" आता काय सांगणार? तिथल्या देवळात पाच वर्षं पूजा केली, पुजाऱ्यांच्या व्हिसाची मुदत तेवढीच. पुढे वर्षभर त्या देशाबाहेर काढायचं, मग पुन्हा अर्ज. देव तोच, पुजारी तोच, पण कायद्याला मधे वर्षाचा खाडा हवा.

गुरुजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. भिक्षुकीत एखाद्याला सूतक आलं की त्याची यजमानांची घरं दुसरा गुरुजी सांभाळतो आणि सूतक फिटलं की निमूट परत करतो. दुसऱ्याचा यजमान ठेवून घेणं याहून मोठी नाचक्की नाही. हेही तसंच, जरा लांबलेलं सूतक, असं त्यांनी धरलं. देवळाला माणूस हवा होता, तेव्हा आपल्या हाताखाली शिकलेल्या महेशचं नाव त्यांनीच सुचवलं. जाताना महेशने सातपूरची आपली घरं त्यांच्या हवाली केली.

"लिहून काही घेतलंत का?" उज्वलाने, त्यांच्या बायकोने, तेव्हाच विचारलं होतं.

"सूतकाचं कोणी लिहून घेतं का?" गुरुजी चिडले. बाई शहाणी, पुन्हा बोलली नाही.

त्या दसऱ्याला सातपूरच्या झुंबरशेठच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी यंत्रांची पूजा केली. झुंबरशेठ खूश झाला. "पुढच्या वर्षी तुम्हीच या हं."

"नाही हो, महेशच येईल. मी फक्त सांभाळतोय."

वर्ष कसलं, जन्मठेप ती. तिथल्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा गुरुजींच्या हातची. दुपारचा चहा घेता घेता म्हणायचे, "आता तिथे देऊळ उघडत असेल." बॅग वर्षभर कपाटावर चढवली नाही, पलंगाखालीच ठेवली. उज्वला झाडताना ती सरकवायची आणि परत जागेवर ठेवायची.

वर्ष सरलं आणि महेशचा फोन आला.

"गुरुजी, देवळाची कमिटी तुमच्यासाठी अर्ज करत नाही. म्हणतात, एक पुजारी आहे, त्याच्या व्हिसाला अजून मुदत आहे, दुसऱ्याच्या अर्जासाठी पुन्हा वकील कशाला लावायचा? मी सोडतो म्हटलं, तर म्हणाले, मग दुसरा कोणी बघू. सूतक फिटलं की घर परत करायचं, हे तुम्हीच शिकवलंत. पण व्हिसा माझ्या नावाचा आहे. तो तुम्हाला कसा देऊ?"

पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच वाईट. खोटं बोलला असता तर चार शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं.

"थंडीत अभिषेकाला पाणी कोमट घे," गुरुजी म्हणाले. "मूर्ती संगमरवरी आहे. गार पाणी नको घालूस."

महेश रडत होता. गुरुजींनी फोन ठेवला. संध्याकाळी उज्वलाने बॅग कपाटावर चढवली.

आठ दिवसांनी दसरा आला. वर्कशॉपमध्ये तेलाचा वास, फुलं, बत्ताशे, सगळं गेल्या वर्षीसारखंच. गुरुजींनी लेथला हळदकुंकू वाहिलं.

"महेश आला नाही?" झुंबरशेठने विचारलं. "मग पुढच्या वर्षी कोण?"

गुरुजींनी हातातल्या अक्षता यंत्रावर टाकल्या.

"मीच," ते म्हणाले.